सोमवार‘पर्यंत’ म्हणजे कधी?

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा लघुउद्योजक परदेशी गिऱ्हाइकाला ई-मेल लिहायला बसतो. मनातले वाक्य मराठीच असते : ‘सोमवारपर्यंत माल पाठवतो.’ उतरते मात्र ‘टिल मंडे’. आपल्या ‘पर्यंत’मध्ये मुदतही मावते आणि कालावधीही. इंग्रजीला त्यासाठी दोन शब्द लागतात. मुदत सांगायची तर ‘बाय मंडे’. ‘टिल मंडे’ म्हणजे सोमवार येईतो पाठवतच राहणार! ‘डाऊट’चीही तीच गत. आपली शंका विचारण्यासाठी असते. ‘तुमच्या ड्रॉइंगबद्दल डाऊट आहे’ असे इंग्रजीत लिहिले की वाचणाऱ्याला त्यात अविश्वासाचा वास येतो. तिथे साधा ‘क्वेश्चन’ बरा.

व्याकरणाचे पहारेकरी मात्र भलत्याच दारावर उभे. ‘प्रीपोन’ला ते हसतात. अहो, तो शब्द ऑक्सफर्डच्या कोशातही आहे आणि त्याचा अर्थ आपल्याकडे कुणाला चुकत नाही. ‘डू द नीडफुल’ तर साहेबाच्याच दफ्तरातले. त्याने टाकले, आपण जपले. माझी हरकत एवढीच, की नेमके काय करायचे ते त्यात सांगितलेलेच नसते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. मुले स्पेलिंगे घोकतात. ‘पर्यंत’चे दोन अर्थ त्यांना कोण सांगतो? माझ्या मते हा धडा मराठीच्याच तासाला घ्यावा. फळ्यावर ‘सोमवारपर्यंत’ लिहावे आणि दोन्ही अर्थांची वाक्ये मुलांकडूनच काढून घ्यावीत.