आधी खोली मोजा
शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात वाकळ शिवायला जमिनीवर अंथरण्यापुरती जागा पुरायची. आता गोधड्या शिवून विकायच्या म्हणणाऱ्यांना लाँगआर्म मशीन खुणावतंय. घरच्या शिलाई मशीनमध्ये सुईच्या उजवीकडे जेमतेम सहा-आठ इंच जागा. गुंडाळलेली वाकळ त्यात कोंबताना खांदे भरून येतात. लाँगआर्मला हीच जागा 16 इंचांच्या पुढे असते. कापड चौकटीवर ताणलेलं राहतं, मशीनच रुळांवरून फिरतं. पण मोठी चौकट 10-12 फूट लांब! तेव्हा किंमत विचारण्याआधी खोलीला टेप लावा. हात कमी-जास्त वेगानं फिरला तरी टाका सारखा पडतो का, बघा. आणि आपली जाड वाकळच चालवून बघा. दुकानातल्या पातळ नमुन्यावर सगळीच मशीनं गुणी. वर्षाला दोन-चारच शिवणार? मग सुई-दोराच परवडतो.