चावी पुढच्या पिढीकडे
डोंबिवलीत दुचाक्यांना तोटा नाही; पण बहुतेकींची धाव स्टेशनपर्यंतच. १९९६ साली येझदीचे उत्पादन थांबले, तेव्हा आम्ही जुने स्वार हळहळलो. २०१८ मध्ये जावा बाजारात परतली. पण मोटारसायकलचा छंद केवळ कारखान्यांच्या बळावर टिकत नाही. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज गाठल्याच्या कथा आम्ही रंगवून सांगतो. शेजारच्या मुलांना क्लच हळूहळू सोडायला मात्र कोणी शिकवीत नाही. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरची वाहतूक पाहून आईवडील धास्तावतात, ते रास्तच. म्हणूनच आधी शिकाऊ परवाना, डोक्यावर हेल्मेट आणि मोकळे मैदान हवे. या रविवारी माझ्या येझदीची चावी मी पुतणीच्या हाती देणार आहे. मागे बसायची सवय आता मलाच करायला हवी.