अपवादाची सवय

रस्त्यावर उतरलेल्या माणसांचे काय करावयाचे, हा प्रश्न राज्यसंस्थेला नेहमीच अडचणीचा वाटत आला आहे. तिच्यापुढे मार्ग दोन असतात. पहिला पोलिसाचा: दगड मारणाऱ्यास धरावे, पुरावा गोळा करावा, न्यायासनापुढे उभे करावे. दुसरा मार्ग फर्मानाचा. त्यात दगड मारणारा आणि घोषणा देणारा यांत भेद करण्याचे श्रम वाचतात.

२५ जून १९७५ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची सभा झाली आणि त्याच रात्री 'अंतर्गत अशांतते'च्या कारणाने आणीबाणी पुकारण्यात आली. कायदा व सुव्यवस्था कोलमडल्याचा पुरावा आढळत नाही, असे पुढे शाह आयोगाने नोंदविले. नेहमीचा कायदा हरला म्हणून त्याला दूर केले नव्हते; तो पुरेसा असतानाच त्याला बाजूस सारले गेले. म्हणूनच १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतते'च्या जागी 'सशस्त्र उठाव' हे शब्द घातले.

घटनेचे दार असे अरुंद झाले, पण मागचे दार उघडेच राहिले. ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेले जमावबंदीचे कलम १४४ आज नव्या संहितेत कलम १६३ म्हणून नांदते आहे. २०११ च्या ४ जूनला, त्याच रामलीला मैदानावर, मध्यरात्री याच कलमाच्या आधारे झोपलेल्या आंदोलकांवर अश्रुधूर आणि लाठ्या चालल्या. झोपलेला माणूस कोणत्या शांततेचा भंग करीत होता? सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आयोजकांनाही दोष दिला; परंतु पोलिसांच्या कृतीचे समर्थन त्याला करता आले नाही. रास्त मतप्रदर्शन दडपण्यासाठी हे कलम वापरता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने २०२० मध्ये पुन्हा बजावले.

दंगल पेटेपर्यंत स्वस्थ बसावे काय, असे यावर विचारले जाते. मुळीच नाही. बेकायदा जमाव पांगविण्याचा अधिकार सामान्य कायद्यातही आहे. मात्र तेथे अधिकाऱ्याला प्रसंग पाहावा लागतो, बळ मोजून वापरावे लागते आणि त्याचा जाब द्यावा लागतो. सरसकट मनाईने पोलिसाचे बळ वाढत नाही. कमी होते ती त्याची जबाबदारी.

१९७५ ची आणीबाणी २१ मार्च १९७७ रोजी उठली. तिला निदान आरंभ होता आणि अंतही होता. फर्मानाच्या सवयीला मात्र अशी तारीख नसते, आणि तारीख नसलेल्या गोष्टीचा हिशेब मागणे नागरिकाला फार अवघड जाते.