दरवर्षी नवा मास्तर

मागच्या रविवारी रोह्याला मामाकडे गेलो होतो. जेवणं झाली आणि विषय निघाला तो कबड्डीचा. (रायगडात दुसरा विषय असतो?) आणि कबड्डी म्हटलं की मी घसरतो यू मुंबावर. नोकरी पुण्यात असली तरी जीव अजून तिथेच आहे, काय करणार!

२०१५ ला मी बारावीत होतो. पेणच्या घरी टीव्हीसमोर अर्धी आळी जमलेली. अनुप कुमार कर्णधार, भास्करन कोच, आणि बंगळुरू बुल्सला ३६-३० हरवून आपण चॅम्पियन! पहिल्या तीन हंगामांत तिन्ही वेळा फायनल. म्हटलं, आता हे असंच चालणार.

कसलं काय! नंतर २०२५ पर्यंत एकही फायनल नाही. सामना बघताना डोकं फिरतं हो. चार गुणांची आघाडी, शेवटची तीन मिनिटं. अशा वेळी घड्याळ खायचं असतं, एवढं आमच्या गावच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण आपला चढाईपटू उगाच आत घुसणार, बचावपटू घाईघाईत झेपावणार... मग मी ओरडतो, "बदला रे तो कोच!"

मामा शांतपणे म्हणाला, "मास्तर दरवर्षी बदलला तर पोरं बाराखडी तरी शिकतील का?"

घरी येऊन यादी काढली. २०१७ ते २०२२, पाच हंगाम: रवी शेट्टी, घोलामरेझा माझंदरानी, संजीव बालियान, राजगुरू सुब्रमण्यम, अनिल छाप्राना. पाच हंगाम, पाच कोच! म्हणजे माझी मागणी दरवर्षी मान्यच होत होती की. आणि फळ काय? त्यातल्या शेवटच्या दोन हंगामांत दहावा आणि नववा नंबर.

आपल्या ऑफिसात नाही का, नवा मॅनेजर येतो आणि पहिल्याच दिवशी म्हणतो, आधीचा कोड टाकून द्या, नव्याने लिहू. कबड्डीत तर हे जास्तच महाग पडतं. कोपऱ्यातल्याने घोटा धरला की त्याच क्षणी शेजारच्या कव्हरने धडकायला हवं. अर्ध्या सेकंदाचा हिशोब. तो भरवसा एका शिबिरात तयार होत नाही. तो बसतोय न बसतोय तोच नवा कोच, नवी पद्धत.

माझंदरानी २०२३ ला परत आले. २०१८ च्या एशियाडमध्ये उपांत्य फेरीत भारताला हरवणाऱ्या इराणचे कोच हेच. तरी पहिल्या वर्षी दहावा नंबर. मी अर्थातच शिव्या घातल्या. पण या वेळी त्यांना ठेवलं, आणि पुढच्या हंगामात संघ पाचवा, थेट प्लेऑफमध्ये. त्यानंतर? २०२५ ला परत नवे कोच, राकेश कुमार. खेळाडू म्हणून फार मोठा माणूस, प्रश्न तो नाहीच.

आता पुणेकरांचं कौतुक करावं लागतंय (मुंबईकरांनो, माफ करा). पुणेरी पलटण बी. सी. रमेश यांच्या हाताखाली डिसेंबर २०२२ ची फायनल जयपूरकडून २९-३३ हरली. कोच तेच राहिले. १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ हरवून चॅम्पियन!

असो. माझं म्हणणं एवढंच, कोणीही आणा, पण निदान दोन हंगाम द्या. मी पहिल्या पराभवानंतर ओरडणारच, चाहत्याचं कामच ते. मालकांनी ते ऐकायचं नसतं!