कोयत्यामागची बाई

बारडोलीच्या ऊसपट्ट्यात नवापूर, डांगकडची आदिवासी जोडपी दरसाल तोडणीला येतात. 2023 मध्ये गुजरात सरकारने तोडणीची किमान मजुरी टनाला 238 वरून 476 रुपये केली. चांगले झाले. पण बऱ्याच ठिकाणी मुकादम दिलेली उचल दीडपटीने कापून घेतो. मग वाढ हाती उरणार किती? शिवाय हिशेब 'कोयत्या'चा, म्हणजे नवराबायकोचा मिळून. गरोदरपणी डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या बाईच्या नावे वेगळी मजुरी नाहीच! गावी 2006 च्या वनहक्क कायद्याने जमिनीचा पट्टा आणि जोडीला विहीर मिळाली असती, तर पुष्कळांना उचल घ्यावीच लागली नसती. आपल्या धर्मग्रामातील जे शेतकरी बांधव साखर कारखान्यांचे सभासद आहेत, त्यांनी येत्या वार्षिक सभेत उभे राहून विचारावे : बाईची हजेरी वेगळी का नाही?