घर-संसार : उजेड नेमका कोणाच्या वाट्याला?

ईद जवळ आली, घरात लग्न ठरले किंवा नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की रंगारी आणि सुतारापाठोपाठ दिव्यांचा विषय निघतो. पूर्वी हा विषय पाच मिनिटांत संपत असे. दिवाणखान्यात दोन ट्यूब, बाकी खोल्यांत एकेक आणि न्हाणीघरात बल्ब, की झाले काम. आता दुकानात गेले की डोळे दिपतात. सोनेरी, काळे, गुलाबी झाक असलेले, वेताचे, काचेचे, जाळीचे असे शेकडो दिवे टांगलेले असतात आणि सगळे एकाच वेळी पेटलेले असतात. तेथे जे सुंदर दिसते ते आपल्या दहा बाय चौदाच्या खोलीत कसे दिसेल, हे दुकानात उभे राहून कळत नाही. म्हणून भगिनींनो, या महिन्यात आपण बाजारात सध्या काय चालले आहे ते पाहू आणि त्यातले आपल्या घराला काय मानवेल तेही ठरवू.

पितळ परत आले

दहा-पंधरा वर्षांपूर्वी चकचकीत स्टीलसारख्या क्रोमची चलती होती. आता पितळी रंग परतला आहे. मात्र तो आरशासारखा झळकणारा राहिलेला नाही. थोडा मंद, घासलेला किंवा जुनाट दिसणारा पितळी रंग लोकांना आवडतो आहे. त्याच्या जोडीला मॅट काळा रंग आहे. एकाच खोलीत काळा आणि पितळी असे दोन रंग मिसळणे आता चुकीचे मानले जात नाही. दोनपेक्षा जास्त मात्र करू नयेत. खोलीचे दुकान होते.

पितळी दिसणारा प्रत्येक दिवा पितळेचा नसतो. तांबे आणि जस्त यांचे मिश्रण म्हणजे पितळ, आणि त्याला लोहचुंबक चिकटत नाही. पर्समध्ये एक छोटे चुंबक ठेवा. ते दिव्याला चिकटले, तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा किंवा रंग आहे. चिकटले नाही, तर पितळ असेल किंवा अॅल्युमिनियम असेल. अशा वेळी हातात धरून वजन पाहा. पितळ चांगलेच जड लागते. लोखंडावरचा मुलामा वाईटच असतो असे नाही, पण त्याला पितळेची किंमत देऊ नये.

रत्नागिरी, रायगड किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी येथे जास्त सावध राहावे. खाऱ्या हवेत मुलामा दिलेले लोखंड आधी ठिपके धरते आणि मग सोलते. ओटीवर आणि गॅलरीत लावायचे असेल, तर पावडर कोटिंग केलेले अॅल्युमिनियम किंवा खरे पितळ बरे पडते. हल्लीच्या पितळी दिव्यांवर बहुधा पारदर्शक लॅकर मारलेले असते. त्यांना चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावू नका. लॅकर ठिकठिकाणी निघते आणि दिवा कोड आल्यासारखा दिसू लागतो. कोरड्या मऊ फडक्याने पुसणे पुरेसे आहे.

जाळी, कागद, वेत आणि काच

नक्षीची जाळी कापलेले मोरोक्कन धाटणीचे दिवे, रंगीत काचांच्या तुकड्यांचे तुर्की दिवे यांना मोठी मागणी आहे. ही परंपरा जुनी आहे. तेराव्या-चौदाव्या शतकात इजिप्त आणि सीरियात मामलुकांच्या काळी मशिदींसाठी बनलेले मीनाकारीचे काचेचे दिवे आज जगभरच्या संग्रहालयांत जपून ठेवले आहेत. आपल्याकडे मुरादाबादला पितळेचे आणि फिरोजाबादला काचेचे काम होते. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या हंड्या आणि झुंबरे अजून मिळतात. जाळीचा दिवा भिंतीवर सुरेख नक्षी पाडतो, पण त्याच्या उजेडात सुईत दोरा ओवता येत नाही. तो शोभेचा दिवा आहे, कामाचा दिवा वेगळा लावावा लागतो.

गोल पांढरा कागदी कंदील आज अगदी स्वस्तात मिळतो. त्याच्या मागेही एक कलावंत आहे. इसामू नोगुची या जपानी-अमेरिकी शिल्पकाराने १९५१ साली जपानमधल्या गिफू गावचे बांबू आणि कागदाचे कंदील पाहून विजेचे दिवे घडवले. आजचे बरेचसे कागदी गोळे त्यांचीच नक्कल आहेत. वेताच्या आणि बांबूच्या शेडही फॅशनमध्ये आहेत. दोन्ही प्रकार स्वयंपाकघरात नकोत. फोडणीचा धूर आणि धूळ मिळून जो चिकट थर बसतो, तो कागदावरून कधी निघत नाही आणि वेताच्या फटींतून काढताना जीव जातो. स्वयंपाकघराला काच किंवा रंगवलेला पत्रा बरा. उभ्या रेघांच्या काचेची सध्या चलती आहे. ती बल्बचा चटका डोळ्यांना लागू देत नाही, हा तिचा खरा फायदा आहे.

उघडा बल्ब डोळ्यांत घुसू नये, हा दिव्यांच्या रचनेतला सर्वात मोलाचा धडा. डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेन यांनी १९५८ साली केलेला ‘पीएच ५’ हा टांगता दिवा आजही विकला जातो. त्याच्या एकाखाली एक अशा पाकळ्यांमुळे कोणत्याही बाजूने बसले तरी बल्ब दिसत नाही. दुकानात दिवा पसंत करताना एकदा खाली बसून वर पाहा. दस्तरखानावर बसणाऱ्याच्या डोळ्यांत बल्ब येत असेल, तर तो दिवा कितीही देखणा असला तरी जेवणावर लावू नका. काळ्या शेडचे आतले अस्तरही पाहा. आतूनही काळी असेल, तर ती बराच उजेड गिळून टाकते. आतून पांढरी किंवा सोनेरी हवी.

पिवळा की पांढरा?

खोक्यावर ‘के’ अक्षराच्या आधी एक आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर उजेड, ४००० म्हणजे दुपारपूर्वीच्या मऊ उन्हासारखा, आणि ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्या घरांत बहुतेक सगळीकडे ६५०० असतो, कारण ट्यूबची सवय आणि ‘पांढरा म्हणजे जास्त उजेड’ हा समज. उजेड किती पडेल ते ‘ल्युमेन’ सांगते, रंग नव्हे. ९ वॅटचा चांगला एलईडी बल्ब साधारण ८०० ते ९०० ल्युमेन देतो, मग तो पिवळा असो की पांढरा.

नवे पितळी, वेताचे आणि लाकडी दिवे पिवळसर उजेडातच खुलतात. ६५०० चा बल्ब लावला की तेच पितळ फिके आणि हिरवट दिसते, आणि ‘दुकानात किती छान दिसत होता!’ अशी हळहळ सुरू होते. दिवाणखाना आणि झोपण्याच्या खोलीत ३०००, स्वयंपाकघर आणि अभ्यासाला ४०००, असा साधा हिशेब ठेवा. रात्री उशिरापर्यंत प्रखर पांढरा उजेड डोळ्यांवर राहिला की झोप लांबते, हेही ध्यानात असू द्या.

खोक्यावर ‘सीआरआय’ लिहिलेला असेल, तर तो किमान ८० हवा, ९० असेल तर उत्तमच. हा आकडा कमी असला की कापडाचा रंग एक दिसतो आणि उन्हात दुसराच निघतो. गोश्त ताजे आहे की नाही, हेही नीट कळत नाही.

झुंबर किती मोठे?

एक जुना अंदाज उपयोगी पडतो. खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजून त्यांची बेरीज करा. जो आकडा येईल तितके इंच झुंबराचा घेर, म्हणजे व्यास, चालतो. १० बाय १४ च्या खोलीला २४ इंच. पण उंचीचे काय? फ्लॅटमध्ये फरशीपासून छतापर्यंत नऊ-साडेनऊ फूट असतात. पीओपी केले की आणखी सहा-आठ इंच जातात. झुंबराखालून माणूस आरामात गेला पाहिजे, म्हणून खाली सात फूट मोकळे हवेत. उरते ते दीड-दोन फूट. तेव्हा लांबलचक लोंबणारे झुंबर जुन्या वाड्याला आणि दुमजली बंगल्याला शोभते. आपल्याला छताला लागून बसणारा पसरट प्रकार योग्य. जेवणाच्या टेबलावरचा टांगता दिवा टेबलाच्या पृष्ठभागापासून ३० ते ३६ इंच वर असावा.

जड दिवा पीओपीच्या पत्र्याला टांगू देऊ नका. त्याचा हूक वरच्या स्लॅबमध्येच बसला पाहिजे. पीओपी करण्यापूर्वीच हे वायरमनला सांगावे लागते.

अम्मीच्या हातावर सावली

आता मूळ मुद्द्याकडे येते. बहुतेक घरांत दिव्यांचे बजेट दिवाणखान्यात संपते. छतात बारा गोल दिवे, कडेने लपवलेली पट्टी, भिंतीवर दोन दिवे. हे सगळे कधी लागते? पाहुणे आले की. आणि रोज पाच-सहा तास जिथे सुरी चालते, उकळते तेल हाताळले जाते, त्या स्वयंपाकघरात एकच ट्यूब असते आणि तीही पाठीमागच्या भिंतीवर. उभे राहिले की आपलीच सावली ओट्यावर पडते. रमजानात पहाटे सहेरीची तयारी याच सावलीत होते.

उपाय फार महाग नाही. वरच्या कपाटाच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेलगत, दोन फुटी एलईडी पट्टी बसवा. दहा वॅटची पुरते. उजेड थेट ओट्यावर पडतो आणि कपाटाची कड डोळ्यांना आड होते. कपाटे नसतील, तर ट्यूब पाठीमागून काढून ओट्याच्या बरोबर वर आणून घ्या.

दुसरी विसरलेली खोली दादी-नानीची. वय वाढते तशी डोळ्यातली बाहुली लहान होते आणि भिंग पिवळे पडते. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक-तृतीयांशच उजेड पोहोचतो. त्यांना ‘आता दिसत नाही’ असे वाटते, तेव्हा चष्म्याइतकीच दिव्याचीही उणीव असू शकते. तिलावतीसाठी किंवा वर्तमानपत्रासाठी खुर्चीच्या बाजूला, खांद्यामागून उजेड येईल असा वळवता येणारा दिवा द्या. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर घोट्याच्या उंचीला, माणूस जवळ आला की आपोआप लागणारा छोटा दिवा बसवा. रात्री अंधारात पडून खुब्याचे हाड मोडले की म्हातारपणी माणूस अंथरुणाला खिळतो. त्या दुखण्यापुढे या दिव्याची किंमत काहीच नाही. जुना ‘झिरो’चा बल्ब नावापुरताच झिरो होता, बारा-पंधरा वॅट खायचा. हा अर्ध्या-एक वॅटात भागवतो.

हिरवी तार

धातूच्या दिव्यांची फॅशन आली, तसा एक धोकाही घरात आला. प्लॅस्टिकच्या होल्डरमधून विजेचा झटका सहसा बसत नाही, पितळी झुंबराच्या बॉडीत करंट उतरला तर बसतो. म्हणून अशा दिव्याला तिसरी, हिरवी अर्थिंगची तार असते. जुन्या इमारतींत आणि गावच्या घरांत दिव्याच्या पॉइंटला दोनच तारा आलेल्या असतात. मग वायरमन हिरवी तार गुंडाळून आत कोंबतो आणि वरून झाकण लावतो. काम सुरू असतानाच विचारा, ‘भाई, हिरवी तार कशाला जोडली?’ उत्तर मिळाल्याशिवाय शिडी काढू देऊ नका. अर्थिंग आणणे शक्यच नसेल, तर धातूचा दिवा घेऊ नका किंवा चौकोनात चौकोन अशी खूण असलेला, दुहेरी इन्सुलेशनचा दिवा घ्या. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घेतले, तर सगळ्या घराला संरक्षण मिळते. आणि झुंबर पुसताना नुसते बटन बंद करू नका, एमसीबी पाडा.

बिलाचा हिशेब

एलईडी म्हणजे बिल नाहीच, असे लोक बोलतात. मोजून पाहू. छतात ७ वॅटचे १२ दिवे म्हणजे ८४ वॅट. कडेची पट्टी १० मीटर, मीटरला १० वॅट, म्हणजे १०० वॅट. एकूण १८४ वॅट रोज पाच तास चालले, तर महिन्याला साडेसत्तावीस युनिट होतात. २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब तितकाच वेळ चालल्या, तर फक्त ६ युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, तेव्हा हा फरक सीमेवरच्या घरांना जास्त जाणवतो. पीओपी करायचेच असेल, तर पट्टीला वेगळे बटन, आणि गोल दिव्यांचे तीन-तीन किंवा चार-चारचे गट करून वेगवेगळी बटने घ्या. रोज चार लावा, पाहुणे आले की सगळे.

शेवटी खरेदीचे. ज्या दिव्यात एलईडी कायमची बसवलेली असते, तो बिघडला की बहुधा सगळाच टाकावा लागतो. शक्यतो साधा बल्ब बसेल असा होल्डर असलेला दिवा घ्या, म्हणजे बल्ब बदलून दिवा वीस वर्षे चालतो. गॅलरीत आणि न्हाणीघरात खोक्यावर किमान ‘आयपी ४४’ पाहा, पाऊस थेट लागत असेल तर ‘आयपी ६५’. मुंबईची लोहार चाळ किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथे भाव चांगला मिळतो, पण पक्के बिल आणि वॉरंटीचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.

बाजारात जाण्यापूर्वी एका संध्याकाळी कागद घेऊन घरभर फिरा. कोण कुठे बसून काय काम करते आणि त्याच्या हातावर सावली पडते का, ते लिहा. स्वयंपाकघर, अभ्यासाची जागा, म्हाताऱ्यांची खोली आणि जिना यांची खरेदी आधी करा. उरलेल्या पैशांत दिवाणखान्यासाठी आवडीचा एकच देखणा दिवा घ्या. एक मनासारखा दिवा बारा मामुली दिव्यांपेक्षा खोलीला जास्त शोभा देतो.

पुढील अंकात : उन्हाळ्याआधी पंखे, पडदे आणि गच्चीचा ताप.