सातबारा म्हणजे मृत्युपत्र नव्हे!



शेतकरी बैल घेतला तरी पावती मागतो. पण आपल्यामागे जमीन कुणाची हे लिहून ठेव म्हटले की म्हणतो, "अशुभ बोलू नका!" आमचे म्हणणे सरळ आहे. मृत्युपत्र ही शेठसावकारांची चैन नाही. ज्याच्याकडे दोनच एकर आहेत त्यालाच त्याची जास्त गरज आहे. शेठजीला वकील परवडतो, आपल्याला कोर्टाच्या तारखा परवडत नाहीत.

रायगडच्या किनाऱ्याकडे बघा. अलिबाग तालुक्यातील चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ खोतांच्या जमिनीत नांगर घातला नाही. पुढे नारायण नागू पाटील, पाठीशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सहा वर्षे उपासमार सोसली. पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कुळकायद्याने कूळ मालक झाले.

मग १९७० साली सिडको आली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई आखली गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात मेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के भूखंडाचा हक्क पदरात पडला. पण ज्याच्या नावे निवाडा तो खातेदार मयत असेल, तर वारसांनी आधी आपण वारस आहोत हे सिद्ध करायचे! हक्क रक्त सांडून मिळवला आणि अडकला भावकीच्या भांडणात. दलाल दारात उभाच असतो. सरकारशी लढायला गाव एक होते. बापाच्या माघारी घर एक राहत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही कपाशी-ज्वारीवाले, आमच्या कोरडवाहूला कोण विचारतो? नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाने विचारले ना! रस्ता, कालवा, कारखाना कधी येईल सांगता येत नाही. आणि काही आले नाही तरी सोसायटीचे कर्ज आहेच. सातबाऱ्यावर मयताचे नाव असेल तर पीककर्ज अडते.

कायदा काय म्हणतो? मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे बापाच्या स्वकष्टाच्या जमिनीत बायको, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांचे वाटे सारखे. वडिलोपार्जित जमिनीत २००५ पासून मुलगीही जन्माने वाटेकरी आहे. बाप त्याआधी वारला असला तरी तिचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. कागदावर सारे ठीक. पण तलाठ्याकडे वारसनोंद लावायला जातो कोण? थोरला मुलगा, नाहीतर दीर. जिने तीस वर्षे निंदणी केली, कापूस वेचला, ती विधवा पोरांच्या ओसरीवर पाहुणी होते. बहिणीकडून राखीच्या बदल्यात हक्कसोडपत्र घेतले जाते.

म्हणून मृत्युपत्र करा. पण मुलींचा काटा काढायला नव्हे! तसले मृत्युपत्र लिहिणाऱ्याने सावकाराच्या नावाने बोटे मोडू नयेत. पहिले नाव घरच्या लक्ष्मीचे घाला.

करणे अवघड नाही. स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. गट नंबर, क्षेत्र, विहीर, घर, गुरे आणि कर्ज स्पष्ट लिहा. स्वकष्टाची जमीन पूर्ण देता येते, एकत्र कुटुंबाच्या जमिनीतला फक्त आपला हिस्सा. सही किंवा अंगठा दोन साक्षीदारांसमोर करा, त्यांच्याही सह्या घ्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नोंदणीची सक्ती नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्यावी. पुढे वाद कमी होतो. मन बदलले तर नवे लिहा, शेवटचे तेच खरे. जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल तर अटी आधी विचारून घ्या. मुसलमान भावांसाठी नियम वेगळे आहेत, त्यांनीही जाणकाराला विचारावे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने सातबारा आणि आठ-अ सोबत आणावा. मसुदे तिथेच बसून करू. आणि येताना घरधनिणीला घेऊन यावे. तिच्या हिश्श्याची चर्चा तिच्यावाचून करायची नाही.